मुनीरभाईंचे तीन ठिपके

माझ्या भाचीच्या बारशात मुनीरभाईंनी गोंधळ घातला, तेव्हा मी त्यांना जेमतेम दोन महिने ओळखत होते. बाळ हातात घेतलं, दोनदा अलगद वरखाली केलं आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "दोन किलो नऊशे ऐंशी." ताईच्या सासूबाई आठवडाभर साऱ्या गल्लीला साडेतीन किलोचं बाळ सांगत फिरत होत्या. त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी चिडून दवाखान्यात बाळाचं वजन करवलं, ते दोन किलो नऊशे पंच्याहत्तर भरलं. मी हे हसत हसत मुनीरभाईंना सांगितलं, तर ते खजील झाले. पाच ग्रॅम कुठे चुकले, दुपट्याचे धरले गेले की काय, याचा विचार करत बराच वेळ तसेच बसून राहिले.

जळगावात सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. सोनारांचे काचेच्या पेटीतले काटे, किराणावाल्यांचे, जामनेरला कापूस मोजायचे मोठे, नरडाण्याच्या कारखान्यांतले क्रेनला टांगायचे, सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. साठी ओलांडलेला बारीक अंगाचा माणूस, गळ्यात काळ्या दोरीला सोनाराचं भिंग, आणि बोलणं असं की त्यांच्यासमोर 'साधारण' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "साधारण अकराला येते" म्हटलं की ते विचारणार, "माहीत आहे का वाटतंय?" मी वीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवतेय. मला कुणी टोकलेलं खपत नाही. त्यामुळे पहिले काही महिने आमचं फारसं पटलं नाही, हे इथेच कबूल करते.

खरं सांगतानाही ते लहानथोर बघत नसत. एकदा नरडाण्याकडे एका व्यापाऱ्याच्या गोदामात काटा तपासायला गेले होते. बाहेर मालाच्या गाड्या उभ्या, शेतकरी ताटकळलेले. काट्याचं झाकण उघडून त्यांनी वजनं ठेवून पाहिली, तेवढ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सहज विचारलं, "नाना, काटा कितला खोटा शे?"

व्यापारी डोळ्यांनी खुणावत होता. मुनीरभाई त्याच्याकडे न बघता म्हणाले, "पोतामांगे सव्वा किलो. आज सकायपाईन मोजेल बठ्ठा माल फिरी मोजा, आबा."

सकाळपासूनचा सगळा माल परत मोजायचा म्हटल्यावर मोठा आरडाओरडा झाला. व्यापाऱ्याने नंतर त्यांना आत बोलावून झापलं. मला एकट्याला सांगितलं असतं तरी चाललं असतं, दार लावून सांगायचं होतं, तेवढी रीत तरी पाळायची! मुनीरभाईंनी पिशवी उचलली. "माल त्यांचा. त्यांना आधी कळायला पाहिजे," एवढंच बोलून ते निघाले. पुढे त्या भागातलं त्यांचं बरंच काम तुटलं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मला ही हकीकत दीपककडून कळली.

दीपक हा दीपनगरच्या वसाहतीत वाढलेला, आमच्या गिर्यारोहणाच्या ग्रूपमधला. ग्रूप कसला, रविवारी कड्यांवर चढायला जाणारी सहासात माणसं. मी चढत नाही. मी पाणी, चिवडा आणि प्रथमोपचाराची पेटी सांभाळते, आणि वनखात्याला परवानगीची पत्रं लिहिते. चढणाऱ्यांत सगळ्यांत तयारीची होती प्रतीक्षा. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, अंगाने चिमणी आणि जिभेने तिखट. मुनीरभाई आमच्यात आले ते तिच्यामुळे. एक दिवस ती आपली चढाईची सॅक घेऊन त्यांच्या दुकानात शिरली आणि म्हणाली, "चाचा, एवढं मोजून द्या."

"सहा किलो चारशे," मुनीरभाई म्हणाले. "हे घेऊन कुठे जातेस?"

"कड्यावर. दोरावर."

"आणि तू किती?"

"अठ्ठेचाळीस."

"म्हणजे तुझ्या वजनाच्या साडेसात भागांतला एक भाग तू उगाच उचलून नेतेस." त्यांनी सॅक उघडायला लावली. आत जुन्या पोलादी कड्यांचा ढीग होता. डोंगर चढणारे ज्याला कॅराबिनर म्हणतात ती ही कडी. एका बाजूला स्प्रिंगचं झाकण, ते दाबून दोर आत टाकायचा. खडकात ठोकलेल्या बोल्टला कडी अडकवायची, कडीत दोर, दोर आपल्या कमरेला. वरून हात सुटला तर माणूस त्या कडीवर लटकतो. मुनीरभाईंनी एकेक कडी मोजली, झाकणं दाबून पाहिली आणि पुढच्या रविवारी न बोलावता आमच्या गाडीत येऊन बसले. त्या दिवसापासून आमचं सगळं सामान त्यांच्या ताब्यात गेलं ते गेलंच.

साक्रीच्या पुढे डोंगरांत आम्ही घुबडसुळका म्हणतो असा एक उभा दगड आहे. तो चढायचं प्रतीक्षाच्या मनाने घेतलं होतं. त्यासाठी हलक्या कड्या घ्यायचं ठरलं. पुण्याच्या दुकानदाराने तीन प्रकारचे नमुने पाठवले, ते घेऊन आम्ही मुनीरभाईंकडे जमलो. मला वाटलं, सोनाराच्या काट्यावर ठेवतील, सगळ्यांत हलकी उचलतील, दहा मिनिटांत काम होईल. पूर्ण दुपार गेली.

मोजलं त्यांनी सगळ्यांत आधीच. मग काटा बाजूला सारला आणि प्रतीक्षाला दुकानातल्या शिडीवर चढवलं. एका हाताने लोंबकळायचं, दुसऱ्या हाताने कडी अडकवायची, दोर टाकायचा. डोळे मिटून. डाव्या हाताने. मग हाताला तेल लावून. सगळ्यांत हलकी कडी इतकी चिमुकली होती की तिच्या बोटांना झाकण सापडेना, तीनदा दोर बाहेर राहिला. मुनीरभाईंनी ती उचलून बाजूला ठेवली. "हिच्यात वाचवलेलं वजन बोटांच्या धडपडीत जाईल," म्हणाले. दुसरीची आतली कड त्यांनी भिंगातून पाहिली, दोर तिच्यावरून शंभरदा ओढला आणि दोराचे निघालेले तंतू चिमटीत धरून आम्हाला दाखवले. तीही बाद. तिसरी मधली होती, वजनाने आणि आकारानेही.

कडीच्या पाठीवर बारीक आकडे असतात. उभी ओढली तर किती ताण घेईल, आडवी पडली तर किती, झाकण उघडं राहिलं तर किती. ते मी त्यांना समजावून सांगितले. मोठा आकडा पाहून ते म्हणाले, "म्हणजे दोन हजार किलोच्या वर?" मी हो म्हटलं. एवढीशी कडी तळहातावर ठेवून ते लहान मुलासारखे हसले. झाकण उघडं राहिलं तर तीच कडी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते, हे सांगितल्यावर मात्र हसू गेलं आणि प्रतीक्षाला त्यांनी पुन्हा शिडीवर चढवलं. मधल्या प्रकारच्या बारा कड्या मागवल्या.

आता जे झालं ते सांगते. मी तिथे होते, आणि मी ते होऊ दिलं.

काट्यावर सरकारी शिक्का मारणं निरीक्षकाचं काम. पण मुनीरभाई स्वतः दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूवर आतल्या बाजूला आपली खूण ठोकत. तीन बारीक ठिपके, त्रिकोणात. ठोकायचा पंच त्यांच्या वडिलांचा होता. तपासून, खात्री करूनच ठोकायचा, आणि एकदा ठोकला की ती वस्तू त्यांच्या जबाबदारीची. आमच्या जुन्या पोलादी कड्यांवरही ते ठिपके होते आणि कधी काही बिघडलं नव्हतं. नव्या कड्या आल्या, त्यांनी एकेक तपासली, ऐरणीवर ठेवली आणि हातोडीचा एक नेमका घाव. बारा कड्या, बारा घाव. आम्ही कौतुकाने बघत होतो. मी टाळ्या वाजवल्या. नववीच्या मुलांना धातू कुठून तुटतो ते शिकवणारी बाई टाळ्या वाजवत होती.

घुबडसुळक्याला आम्ही चौघंच गेलो. प्रतीक्षा वर, दीपक खाली दोर धरून, मुनीरभाई आणि मी पायथ्याशी. सकाळचं ऊन अजून सुळक्याच्या मागे होतं. प्रतीक्षाने जुन्या पोलादी कड्या सॅकमधून काढून खालीच ठेवल्या, नव्या कमरेला लावल्या आणि निघाली. चार बोल्ट भराभर गाठले. चौथ्याच्या वर दहाबारा फुटांवर एक खाच होती, माणूस बसेल एवढी, आणि तिच्यात एक भक्कम दगडी खुंटी. तिथवर जायला दोन वाटा. उजवीकडे एक भेग, किचकट आणि वेळखाऊ. डावीकडे गुळगुळीत दगड, तिथून झेप घेऊन खाचेची कड पकडायची. ती डावीकडून जाणार होती. "तीनदा पडले तरी चौथ्यांदा पकडेन, दोर आहे ना," असं सकाळीच म्हणाली होती.

मला हातात येईल ते वाचायची खोड आहे. कड्यांच्या खोक्यात एक घडीचा कागद होता, मुंगीएवढ्या अक्षरांचा. बसल्या बसल्या तो उघडला. मधेच एक ओळ होती. कडीच्या अंगावर ठोकून किंवा कोरून कोणतीही खूण करू नये, कडी कमजोर होऊ शकते.

शिंपी कापड फाडायच्या आधी कात्रीने काठाला एवढीशी चीर देतो ना, तशी चीर आम्ही बारा जागी दिली होती. मी मुनीरभाईंना बाजूला घेऊन ती ओळ वाचून दाखवली.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचली. त्यांनी पिशवीत उरलेली एक नवी कडी काढली, भिंग डोळ्याला लावलं, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. "खोल आहेत," म्हणाले. मग मला विचारलं, "तुटेल?"

"माहीत नाही. बहुतेक नाही..."

"माहीत आहे का वाटतंय?"

"वाटतंय," मी म्हटलं.

दोर धरलेल्या दीपकने सगळं ऐकलं होतं. तो वरून नजर न काढता दबक्या आवाजात म्हणाला, "तिला काही सांगू नका. घाबरली तर तिथेच गळून पडेल. काहीतरी कारण सांगून मी तिला खाली घेतो."

"खाली घेशील म्हणजे तिचं सगळं वजन चौथ्या कडीवर," मुनीरभाईंनी त्याला अडवलं.

"मग जाऊ दे तशीच वर. दोन मिनिटांचं काम आहे."

"झेप घेईल ती," मुनीरभाई म्हणाले. "पडले तरी कडी धरेल असं समजून घेईल. मीच तसं सांगितलंय तिला."

वर प्रतीक्षाने डाव्या हाताची बोटं पुसायला सुरुवात केली होती. मला दीपकचं पटत होतं. आज शपथेवर विचारलंत तरी सांगेन, त्या क्षणी मला वाटत होतं की या माणसाने एकदा तरी गप्प बसावं.

मुनीरभाई भिंतीपासून चार पावलं मागे गेले, तिला दिसतील असे उभे राहिले आणि हाक मारली. आवाज दुकानातल्यासारखाच.

"प्रतीक्षा बेटा, थांब. हातपाय पक्के आहेत?"

"पक्के. काय झालं?"

"नीट ऐक. कड्यांवर मी ठिपके ठोकले, ते ठोकायचे नसतात. आत्ता कळलं. त्या तुला धरतील का, मला माहीत नाही. झेप घेऊ नको. उजवीकडून जा. पडायचं नाही असं समजून जा. वर खुंटीला दोरच बांध, कडी वापरू नको."

मग तिचा आवाज आला, "आत्ता सांगताय?"

तिचा उजवा पाय थरथरायला लागला, शिलाई मशीन चालू व्हावं तसा. दीपक कुजबुजला, "बघा, सांगितलं ना मी." मी मुनीरभाईंकडे पाहिलं. ते तिला धीर देत नव्हते, ये, जमेल, काही बोलत नव्हते. नुसते उभे होते, मान वर. कडी त्यांच्या मुठीत होती.

पाय थांबायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. थांबला. तिने डावा हात भेगेत सरकवला, मग उजवा. एकेक वीत. मध्यावर पायाखालचा कपचा निखळला, खडखडत आमच्या बाजूला येऊन पडला आणि ती दोन्ही हातांवर लोंबकळली. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. मुनीरभाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दोन दिवस वळ होते. तिने पाय पुन्हा शोधला. आणि मग खाचेच्या कडेवर तिचा हात दिसला, कोपर दिसलं, आणि ती आत गेली. थोड्या वेळाने वरून दोर दोनदा हलला. बांधला होता.

दीपकने हातातला दोर खाली ठेवला. मुनीरभाई थांबले नाहीत. उतरायच्या यंत्राला कमरेशी कडी लागतेच, आणि तिच्याकडच्या साऱ्या कड्या नव्या ठिपक्यांच्याच होत्या. जुन्यांवरही ठिपके होते, पण त्या जाड पोलादी आणि कितीदा लटकून टिकलेल्या. त्यांनी जुन्या पोलादी कड्या शर्टात घातल्या आणि सुळक्याच्या मागच्या घळीतून चढायला लागले. दीपक म्हणाला मी जातो. "चूक माझी आहे, तू बस," ते म्हणाले. मी मागोमाग गेले. त्यांचा एक गुडघा धड नव्हता. घसरणारी माती, करवंदीची जाळी, कधी हातावर कधी ढुंगणावर, तासभर आम्ही चढत होतो. वाटेत ते एकदाच थांबले. मला वाटलं दम लागला. डोळे पुसून पुन्हा चालायला लागले.

घळीच्या डोक्यावरून प्रतीक्षा आमच्या खाली पंधरा फुटांवर दिसत होती, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मुनीरभाईंनी सुतळीने कड्या खाली सोडल्या. तिने सोडवून घेतल्या. वर पाहिलं नाही. व्यवस्थित उतरली, पायथ्याशी आम्ही पोचलो तेव्हा तिने सामान भरलं होतं. धुळ्याला ती गाडीतून उतरली. "मी बसने जाते," मला म्हणाली. मुनीरभाईंना काहीच म्हणाली नाही.

पुढच्या आठवड्यात मुनीरभाई त्या बारा कड्या घेऊन ओळखीच्या एका कारखान्यात गेले. एकेक कडी त्यांनी यंत्रावर ताणून पाहिली. बाराच्या बारा लिहिलेल्या आकड्याला टिकल्या. एकही ठिपक्यांतून गेली नाही. दीपकने आनंदाने प्रतीक्षाला फोन केला. ती माझ्याकडे येऊन भडकली. "म्हणजे उगाच! न सांगता मी मजेत पडले असते आणि मजेत लटकले असते. आयुष्यात तेवढी घाबरले नव्हते मी, ताई. अजून झोपेत ती भेग दिसते."

मी मुनीरभाईंना तिचं म्हणणं सांगितलं. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "टिकल्या हे आज कळलं. त्या दिवशी माहीत नव्हतं." मग म्हणाले, "तिचं रागावणं बरोबर आहे." वडिलांचा पंच त्यांनी कापडात गुंडाळून फळीवर ठेवला होता. सामानाच्या पेटीची किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि रविवारी येणं बंद केलं.

तीन महिने असेच गेले. माझी नाशिकला बदली झाली. निघायच्या आधीच्या रविवारी धुळ्याजवळ लळिंगच्या बाजूला सरावाच्या खडकावर जमायचं ठरलं, आणि सकाळी गाडीत प्रतीक्षाच्या शेजारी मुनीरभाई बसलेले. ती त्यांना घरून घेऊन आली होती. नव्या कड्या घेतल्या होत्या, तिने एकटीने निवडून. त्यांनी कागद आधी वाचला. पूर्ण, दोनदा. मग म्हणाले, "पहिल्यांदा मी लटकणार. आजवर दुसऱ्यांनाच लटकवलं."

कुणाचं ऐकेनात. कमरेला पट्टा बांधून, दोर वर लावलेल्या नव्या कडीतून घेऊन ते पुरुषभर उंचीचा एक टप्पा हातापायांवर कसेबसे चढले. खाली दोर प्रतीक्षाने धरला होता, दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. वर पोचल्यावर ते खडकाला पालीसारखे चिकटले. आता हात सोडून मागे रेलायचं होतं. सोडवेना. चौसष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही हातांनी दगड धरलेला, कान लाल झालेले.

"धरलंय ना, बेटा?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"धरलंय," प्रतीक्षा म्हणाली. "पण माझे हात थरथरतायत, चाचा. सांगून ठेवते."

दीपकने कपाळाला हात लावला. मुनीरभाईंनी मान वळवून खाली तिच्याकडे पाहिलं. त्या रविवारनंतर मी त्यांना पाहिलं नाही. नंतर ते माळेगावला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले.

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि दोन्ही हात दगडावरून काढले.